शेतावरील पक्ष्यांची ओळख : कोणाकडून व कशी करून घ्यावी?

ज्वारीचे कणीस दुधात भरू लागले की माळ्यावर राखण्या चढतो, गोफण फिरू लागते आणि शिवारात दिवसभर हाकारे ऐकू येतात. ह्या दिवसांत शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्व पाखरांची जात एकच, व ती म्हणजे धान्यचोराची. वस्तुस्थिती मात्र निराळी असते. त्याच शेताच्या बांधावर तारेवर बसलेला चास हा दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो भुंगेरे, नाकतोडे व पतंग टिपत असतो. आकाशात एकाच जागी पंख फडफडवीत स्थिर राहणारी कापशी उंदरावर नजर ठेवून असते. नांगरामागून चालणारे गायबगळे जमिनीतून वर आलेल्या अळ्या वेचतात. गोफणीचा दगड ह्यांतील कोणाला लागतो, ह्याचा विचार फारसा होत नाही, कारण शेतावर नित्य दिसणाऱ्या पक्ष्यांची नावे व सवयी सांगणारा मनुष्य गावात आहे अशी शेतकऱ्याची कल्पनाच नसते.

असा मनुष्य, असा ग्रंथ व अशी संस्था मिळणे आज अवघड राहिलेले नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने ह्या साधनांची माहिती करून घेतली, तर कोणत्या पक्ष्याला हुसकावे, कोणत्याला बोलावावे व कोणत्याला नुसते सुखाने राहू द्यावे, हे तो शेतकऱ्याला खात्रीने सांगू शकेल.

येथे प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पक्ष्यांची ‘मित्र’ व ‘शत्रू’ अशी कायमची विभागणी करणे सोयीचे असले, तरी ते खरे नाही. भोरडीचे उदाहरण घ्यावे. हिला पळसमैना असेही म्हणतात. पावसाळा सरताना हिचे थवे महाराष्ट्रात उतरतात व उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात भोरड्यांचा थवा म्हणजे संकट, ह्यात शंका नाही. पण हीच भोरडी मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात टोळ व नाकतोडे प्रचंड प्रमाणात खाते. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर तिने घरटी करावीत म्हणून दगडांचे ढीग मुद्दाम रचून ठेवण्यात येतात. आपल्याकडेही पळस, पांगारा व सावर फुलले म्हणजे हेच थवे फुलांवर मधासाठी जमतात व परागीकरणास हातभार लावतात. सुगरण दाणे खाते, पण पिलांना भरविते किडे. तेव्हा प्रश्न पक्ष्याच्या जातीइतकाच पिकाच्या अवस्थेचा व ऋतूचा असतो, आणि तो पाहिल्याशिवाय सुटत नाही.

न पाहता निर्णय घेतल्यास काय होते, ह्याचा धडा चीननेच एकदा घेतला आहे. १९५८ साली तेथे उंदीर, माश्या व डास ह्यांच्या बरोबरीने चिमण्या नष्ट करण्याची मोहीम देशभर काढण्यात आली. चिमणी दाणे खाते, एवढाच तिच्यावर आरोप होता. चिमण्या गेल्या आणि किडींना आळा घालणारे मोठे साधन गेले. १९६० साली चिमणीचे नाव यादीतून काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले.

ग्रंथ व नावांचा प्रश्न

पक्षी ओळखू लागणाऱ्यास पहिली अडचण येते ती नावांची. एकाच पक्ष्याला कोकणात एक, खानदेशात दुसरे व विदर्भात तिसरे नाव असते. चासाला कित्येक ठिकाणी नीलकंठ म्हणतात, तर काही पुस्तकांत तो नीलपंख म्हणून येतो. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानणारा शेतकरी पुस्तकात ‘नीलपंख’ असे वाचतो तेव्हा तो पक्षी आपल्याच बांधावरचा आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. ही अडचण दूर करण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली ह्यांनी केले. वनखात्याच्या नोकरीत कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा अशा ठिकाणी त्यांचे आयुष्य गेले. जंगलात राहणाऱ्या लोकांकडून त्यांनी पक्ष्यांची नावे व त्यांच्याविषयीच्या समजुती गोळा केल्या. त्यांचा ‘पक्षीकोश’ हा ग्रंथ तालुक्याच्या व शाळेच्या ग्रंथालयात असणे अगत्याचे आहे. २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली व त्याच वर्षी ते निवर्तले.

दुसरे नाव डॉ. सालीम अली ह्यांचे. त्यांचा ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हा सचित्र ग्रंथ १९४१ साली प्रथम निघाला व तेव्हापासून त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. इंग्रजी न येणाऱ्यासही त्यातील चित्रांचा उपयोग होतो. सालीम अलींच्या कार्याचा शेतकऱ्याशी असलेला संबंध फार थोड्यांना ठाऊक आहे. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मगच तो ते पुरे करतो व लगेच दुसऱ्या घरट्यास आरंभ करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हे त्यांनी तेथेच सिद्ध केले. ह्या शोधासाठी प्रयोगशाळा लागली नाही. विहिरीवर ओणवलेले झाड, त्याला लोंबणारी घरटी व नेमाने पाहणारा मनुष्य, एवढीच सामग्री पुरते, आणि ती महाराष्ट्रातील बहुतेक गावांत आहे.

जाणती माणसे व संस्था

पुस्तकाने ओळख होते. सवय मात्र जाणत्याच्या संगतीने लागते. असा जाणता पुष्कळदा गावातच असतो व त्याच्याकडे कोणी विचारावयास जात नाही. मेंढ्या घेऊन माळरानावर फिरणारा धनगर, गुराखी, तळ्यावर जाळे टाकणारा भोई, ह्यांना कोणता पक्षी कोठे अंडी घालतो हे नेमके ठाऊक असते. कार्यकर्त्याने आपल्या वहीची सुरुवात अशा लोकांनी सांगितलेल्या नावांपासून करावी. शास्त्रीय नाव नंतर लावता येते. गावातले नाव एकदा विस्मरणात गेले म्हणजे परत मिळत नाही.

संस्थांमध्ये सर्वांत जुनी म्हणजे १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. तिचे कार्यालय मुंबईच्या फोर्ट भागात ‘हॉर्नबिल हाऊस’ येथे आहे. कोणासही तिचे सभासद होता येते. शेतकऱ्याने तिच्याविषयी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची हलकी कडी घालून त्यांचा मार्ग शोधण्याचे काम ही संस्था १९२७ पासून करीत आली आहे. शेतात किंवा तळ्याकाठी मेलेल्या पक्ष्याच्या पायात असे कडे आढळले, तर ते फेकून देऊ नये. त्यावरील क्रमांक व अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, सापडल्याची तारीख व गाव लिहावे आणि ही माहिती संस्थेकडे पाठवावी. हजारो मैलांवरून आलेल्या पक्ष्याची हकीकत त्या एका पत्राने पुरी होते.

महाराष्ट्रात पक्ष्यांची आवड असणाऱ्यांची स्वतःची संघटनाही आहे. १९८१ साली लोणावळा येथे पक्षीमित्रांचे पहिले संमेलन भरले व त्यातून ‘महाराष्ट्र पक्षीमित्र’ ही चळवळ उभी राहिली. निरनिराळ्या जिल्ह्यांत तिची संमेलने भरत आली आहेत. तेथे प्राध्यापक व डॉक्टर जसे येतात, तसे शिक्षक, वनरक्षक व शेतकरीही येतात. नवख्याने संकोच करण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा एखादा निसर्गप्रेमी मंडळींचा गट असतो व महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या शिक्षकाकडे चौकशी केल्यास त्याचा पत्ता लागतो.

मंडळींनी गावात येऊन काम केल्यास काय घडते, ह्याचे एक उदाहरण पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात पिंगोरी येथे पाहावयास मिळते. तेथे इला फाउंडेशन ह्या संस्थेने २०१८ साली घुबडांचा उत्सव भरविला. घुबडाचे नाव काढताच मनात अपशकुन येणाऱ्या समाजात त्याच पक्ष्याचा उत्सव, व तोही खेड्यात! मुलांनी चित्रे काढली, मुखवटे केले. ह्या कल्पनेमागे शेतीचा रोकडा हिशेब आहे. गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत उंदरांच्या बंदोबस्तासाठी ह्या घुबडाकरिता लाकडी पेट्या मुद्दाम उभारण्यात आल्या आहेत. ज्यांना हे पटत नसेल त्यांच्यासाठी एक सोपे प्रात्यक्षिक आहे. घुबड न पचलेली हाडे व केस ह्यांचा गोळा तोंडावाटे टाकते. जुन्या वाड्यात किंवा पडक्या देवळात घुबडाच्या बैठकीखाली असे गोळे मिळतात. ते पाण्यात भिजवून चिमट्याने उकलावेत. आत उंदरांच्या कवट्या सापडतात. एका ग्रामसभेत असा एक गोळा उकलून दाखविणे दहा व्याख्यानांहून अधिक परिणामकारक ठरेल.

गोंदिया जिल्ह्याची हकीकत अधिक चिंतेची आहे. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया व भंडारा ह्या भाताच्या व तलावांच्या जिल्ह्यांतच उरला आहे, व त्याची संख्या काही डझनांपलीकडे नाही. पावसाळ्यात भाताच्या बांधीत ही जोडी गवत व पेंढ्यांचे मोठे घरटे रचते, बहुधा दोनच अंडी घालते व महिनाभर ती उबविते. घरट्याने अडविलेली थोडी जमीन व पिलांच्या पायांखाली आलेले थोडे धान हा शेतकऱ्याचा तोटा. तो सोसून ज्या शेतकऱ्यांनी घरटी राखली, त्यांच्यामुळेच हा पक्षी येथे टिकला आहे. ‘सेवा’ ही गोंदियाची संस्था गेली अनेक वर्षे गावकऱ्यांना बरोबर घेऊन सारसांची मोजणी व घरट्यांची राखण करीत आहे. विजेच्या तारांना लागून व कीटकनाशकांमुळे सारस दगावतात. ह्या प्रश्नाची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. परंतु घरट्यावर पहारा देणे न्यायालयाच्या हाती नाही. तो त्या बांधीचा धनीच देऊ शकतो.

वही व नोंद

पक्षी पाहण्यास लागणारी सामग्री फार थोडी आहे. आठ पटीने मोठे दाखविणारी व ४० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण उत्तम; ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एक घेऊन ठेवली तरी गावाचे काम भागेल. ती नसल्यास अडत नाही. वही व शिसपेन्सिल मात्र हवी. पाहिल्याचा दिवस, वेळ, शेताचे नाव, उभे पीक व त्याची अवस्था, पक्ष्यांची संख्या आणि ते प्रत्यक्ष काय खात होते, एवढे लिहावे. शेवटची बाब सर्वांत मोलाची व तीच बहुधा राहून जाते. ‘साळुंक्या, दहा, तुरीत’ एवढ्याने काही कळत नाही. ‘साळुंक्या, दहा, तुरीच्या सरीत जमिनीवर अळ्या वेचताना’ ह्याने पुष्कळ कळते.

आता भ्रमणध्वनीवरही ह्या कामाची सोय झाली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र संस्थेची ‘मर्लिन’ ही विनामूल्य योजना पक्ष्याचे चित्र किंवा आवाज ह्यांवरून त्याचे नाव सुचविते. तिचे उत्तर अंतिम मानू नये, ग्रंथाशी पडताळावे. त्याच संस्थेच्या ‘ई-बर्ड’ ह्या नोंदवहीत आपली यादी भरता येते, व ती सर्व अभ्यासकांना उपलब्ध होते. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना होते. २०१३ पासून भारतही तीत सहभागी आहे. निदान पंधरा मिनिटे एका जागी पाहून यादी केली की गणनेत भाग घेतल्यासारखे होते.

अशा याद्यांचे पुढे काय होते, हा शेतकऱ्याचा रास्त प्रश्न आहे. ३०,००० हून अधिक लोकांनी केलेल्या ३ कोटींहून अधिक नोंदींच्या आधारे २०२३ साली भारतातील ९४२ जातींच्या पक्ष्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मोरांची संख्या वाढल्याचे त्यात आढळले, व पिकाची नासधूस सोसणाऱ्या शेतकऱ्यास ते कोणी सांगावयास नको. पण त्याच अहवालात चासाची संख्या लक्षणीय घटल्याचे दिसून आले आहे. बांधावर नेहमी दिसणारा, किडे खाणारा हा पक्षी कमी होत आहे, हे एकेकट्या गावाला जाणवणे कठीण होते. नोंद करणारे बहुतेक लोक शहरांच्या व अभयारण्यांच्या आसपास राहतात. कोरडवाहू शेतीच्या गावांतून येणाऱ्या याद्या थोड्या आहेत, आणि चासासारखे पक्षी तर तेथेच राहतात. ही उणीव भरून काढण्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याइतका योग्य मनुष्य दुसरा नाही, कारण तो बारमाही शिवारात हिंडतो.

गिधाडांची हकीकत

नेमाने पाहिलेल्या व लिहून ठेवलेल्या गोष्टीचे मोल किती असू शकते, हे गिधाडांच्या इतिहासावरून कळते. राजस्थानात भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश ह्यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची घरटी मोजली होती. १९९०च्या दशकात त्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा घरटी फार कमी झाल्याचे व झाडांवर माना टाकून बसलेली आजारी गिधाडे असल्याचे त्यांना आढळले. जुनी मोजणी हाताशी नसती तर ‘हल्ली गिधाडे दिसत नाहीत’ एवढीच चर्चा पारावर होऊन थांबली असती. पुढे पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ साली कारण उघड झाले. गुरांना दुखण्यावर टोचण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत व ते काही दिवसांत मरे. पांढऱ्या पाठीची गिधाडे भारतात शेकडा ९९ हून अधिक घटली होती. गुरे ओढून टाकण्याच्या जागी कुत्र्यांची संख्या वाढली व दुर्गंधी राहू लागली, हे खेड्यांनी अनुभवले.

सरकारने २००६ साली ह्या औषधाच्या गुरांवरील वापरास बंदी केली. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक ह्यांवरही तशीच बंदी आली. ह्यांच्या जागी मेलॉक्सिकॅम वापरता येते व ते गिधाडांना अपायकारक नाही. जनावरांसाठी म्हणून कोणी माणसांचे डायक्लोफेनॅक आणून टोचीत असेल, तर कार्यकर्त्याने त्याला अडवावे व पशुवैद्याकडे पाठवावे. पिंजोर येथील केंद्रात वाढविलेली काही गिधाडे २०२४ साली पेंच व ताडोबा येथे आणण्यात आली. ती जगतील की नाही, हे आसपासच्या गावांतील गोठ्यांवर अवलंबून आहे.

शेतावर करावयाच्या काही गोष्टी

पक्ष्यांची ओळख झाली की तिचा उपयोग लगेच करता येतो. हरभऱ्यात व तुरीत घाटे अळी दिसू लागताच इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचे काठ्यांचे पक्षिथांबे हेक्टरी सुमारे ५० ह्या प्रमाणात पिकाच्या उंचीहून वर येतील असे रोवावेत. कोतवाल, वेडा राघू, साळुंकी, चास हे पक्षी त्यांवर बसून अळ्या व पतंग टिपतात. हरभऱ्याच्या बियाण्यात थोडे ज्वारीचे दाणे मिसळल्यास उभी ताटेच थांब्याचे काम करतात. भाताच्या किंवा ज्वारीच्या शेतात मात्र दाणा भरू लागताच थांबे काढून घ्यावेत, नाही तर दाणे खाणारे त्यांवर येऊन बसतात. दाण्याचे रक्षण करावयाचे तेव्हा चमकत्या फिती, आवाज व राखण ह्यांवर भर द्यावा, आणि शक्य तेथे शेजाऱ्यांनी एकाच वेळी पेरणी करावी. मागेपुढे पिकणाऱ्या एकुटवाण्या शेतावर सारा थवा कोसळतो.

विष घातलेले दाणे टाकणे हा गुन्हा आहे व मूर्खपणाही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये पक्षी मारणे, पकडणे किंवा त्यांची अंडी काढणे ह्यांस शिक्षा आहे. औषध चोळलेले बियाणे बांधावर सांडू देऊ नये, सांडल्यास मातीआड करावे. मोर ते वेचून मरतात. उंदरांसाठी विषारी आमिष ठेवले असल्यास मेलेले उंदीर दररोज गोळा करून खोल पुरावेत, म्हणजे घुबड व कापशी त्यांना बळी पडणार नाहीत. नांगरताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर बैल किंवा ट्रॅक्टर क्षणभर थांबवून पुढे पाहावे. खड्यांच्या रंगाची तीन-चार अंडी जमिनीवर उघडी असतात. तेवढी हातभर जागा वळसा घालून सोडल्यास पेरणीचे काही बिघडत नाही. जखमी पक्षी सापडल्यास वनखात्यास १९२६ ह्या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे.

दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ राज्यात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळण्यात येतो. शासनाने हा निर्णय २०२० साली घेतला. आरंभीचा दिवस चितमपल्लींच्या व अखेरचा सालीम अलींच्या जन्माचा. त्या सुमारास खरीप घरात आलेला असतो, रब्बीची पेरणी झालेली असते व बाहेरून येणारे पक्षी शिवारात उतरलेले असतात. शाळेतील मुलांना घेऊन सकाळी सात ते नऊ ह्या वेळात गावाच्या एका ओढ्याकाठी, एका विहिरीजवळ व एका माळावर अशा तीन ठिकाणी यादी करावी. त्याच तीन जागा पुढील वर्षी, त्याच आठवड्यात पुन्हा पाहाव्यात, व दोन्ही याद्या शाळेच्या दप्तरात ठेवाव्यात.